काळ्या दाण्यांची पेंड

रवि. २९ मे १९८३
सुट्टी. सकाळपासून अंगणात शेंगा फोडायचं काम. आई, शालन आणि शेजारच्या दोघी. मीही बसलो, बायको कामात आणि नवरा पुस्तक घेऊन खाटेवर, हे बरं दिसत नाही. अर्ध्या तासात छाती भरली. शेंगांच्या टरफलांची धूळ म्हणजे दमेकऱ्याला विषच. खोकून खोकून डोळ्यांत पाणी.
आई म्हणाली, "ऊठ तू हितनं. मास्तरलोकांचं काम न्हवं ह्ये."
मी चिडून म्हटलं, "धूळ अशीच उडणार असली तर शाळा सुरू व्हायच्या आत मला पोचवाल तुम्ही."
बोलायला नको होतं. तिचं तोंड एवढंसं झालं.

दाण्यांची वाटणी ठरलेली. टपोरे बेण्याला आणि बाजाराला. बारके, सुरकुतलेले, काळवंडलेले घाण्याला. त्यातलं तेल घरात, पेंड कोंबड्यांना. कोंबड्या अजून यायच्यात. बेळगावला शंभर पिल्लं सांगून ठेवलीत. शेड तयार, भाताचा तूस अंथरायचा बाकी.

मंगळ. ३१ मे
आईनं धुळीवर तोड काढली. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिनं उणीपुरी पंचवीस वर्षं काढली, नाकाला पदर बांधून तंबाखू चाळत. तिथली रीत इथं. लिंबाचा डहाळा बादलीत बुडवायचा, शेंगांच्या राशीवर हबका मारायचा, वरून गोणपाट. दुसऱ्या दिवशी टरफल मऊ. बोटं सोलत नाहीत, दाणा फुटत नाही आणि धूळ नावाला नाही. मी तासभर शेजारी बसलो, एक ठसका आला नाही.
"वखारीत आमी ह्येच करायचो. न्हायतर एक बाई जगली नसती," म्हणाली. खूश होती. मीही.

गुरु. ९ जून
शेंगा संपल्या. दाण्यांच्या राशी पडवीत. पाऊस कधीही येईल म्हणून मी म्हटलं, दोन दिवस उन्हात टाकू. आईनं उडवून लावलं. वखारीत मालाला ऊन दाखवत नाहीत म्हणे. वाळला की चुरा, चुरा झाला की मातीमोल. मग कोपरापर्यंत हात राशीत घातला, डोळे मिटले. "ऊब धरलीया. उद्या पालटू."
मीही हात घातला. खरंच कोमट. पावसाळी हवेत बरं वाटलं हाताला.

मंगळ. १४ जून
घाण्यावरून आलो. तेलाचा एक डबा, पेंडीची तीन पोती. काळ्या दाण्यांचं एक पोतं तसंच राखलंय, पुढच्या खेपेला. पेंडीला वास वेगळाच येतो, जुन्या कपाटासारखा. घाणेवाला म्हणाला पावसाळ्यात असाच यायचा.
सदलग्याच्या मावशीनं आईला बदकाची दोन पिल्लं दिलीत. न्हाणीच्या सांडपाण्यात दिवसभर पचपच. माझी सुमन, वय वर्षे पाच, शाळेचं दप्तर सोडून त्यांच्या मागे. आई त्यांना पेंड भिजवून घालते.

रवि. १९ जून
पिल्लं आली. बेळगावहून बसमध्ये पुठ्ठ्याचे भोकाचे खोके मांडीवर घेऊन आलो. संकेश्वरपर्यंत कंडक्टर कुरकुरला, मग स्वतःच एक पिल्लू हातात घेऊन बसला. शंभरच्या शंभर जिवंत. सोबत दहा दिवसांच्या दाण्याचं पोतं आणि एक पुस्तिका. पुस्तिकेप्रमाणे दर रविवारी दहा पिल्लांचं वजन करणार. ताणकाटा शाळेच्या प्रयोगपेटीतला. हेडमास्तरांना सांगितलेलं नाही.

रवि. २६ जून
सरासरी (सरा.) ९५ ग्रॅम. पुस्तिकेशी बरोबर जुळलं. मला फार आनंद झाला, लपवत नाही.
सातवीला शास्त्राच्या तासाला आईच्या हबक्याची गोष्ट सांगितली. ज्ञान पुस्तकाबाहेरही असतं वगैरे. पोरांना आवडली. दोघांनी घरी जाऊन सांगितलंही.

बुध. २९ जून
एक बदक मेलं. सकाळी मान मागे टाकून पडलेलं, पाय ताठ. मुंगूस म्हणावं तर जखम नाही. सुमन फार रडली. आईनं परसात पुरलं.
आजपासून पिल्लांना घरचा दाणा. निपाणीच्या आडतीतला मका भरडून, आमची पेंड, कोंडा, सुकटीचा चुरा. कालवताना धूळ उडू नये म्हणून आई यावरही हबका मारते. माझ्यासाठीच.

रवि. ३ जुलै
सरा. १९०. ठीक.

गुरु. ७ जुलै
दुसरं बदक गेलं. तसंच, मान मागे. आई म्हणाली, "सदलग्याचं पानी न्यारं, आपलं न्यारं. मानवलं न्हाय." मीही तेच मानलं.

रवि. १० जुलै
सरा. २९५. पुस्तिकेच्या मागे. पाऊस आठ दिवस थांबलेला नाही, गारठा आहे. बल्ब एक वाढवला.

रवि. १७ जुलै
सरा. ३८०. पण सरासरीत काही अर्थ राहिला नाही. एकाच दिवशी आलेली पिल्लं. एक मुठीएवढं, एक त्याच्या दुप्पट. पिसं विरळ, विसकटलेली. खातात कमी, सांडतात जास्त. शालन म्हणाली, "पाय बघा की वो यांचं." पाहिले. पिवळेजर्द असायला हवेत, पांढरे फटक पडलेत.
शाळेत कन्नडमधलं परिपत्रक आलंय. हेडमास्तरांनी तिघांकडून वाचून घेतलं, तीन अर्थ निघाले.

गुरु. २१ जुलै
चार मेली. मानमोडीची लस तर वेळेवर टोचली होती, मी स्वतः उभा होतो. मग?

रवि. २४ जुलै
सरा. ४३०. आठवड्यात पन्नास ग्रॅम. आज सात मेली, एकूण एकोणीस. पकडायला गेलं की पंखाखाली काळेनिळे डाग उठतात. मी तर हळूच धरतो.
शेडमध्ये शिरलं की पूर्वी गलका असायचा. आता पावसाचाच आवाज. मला तिथं जायची भीती वाटायला लागली आहे. चाळिशीला आलेला माणूस, कोंबड्यांच्या शेडला भितो.
आई रोज कालवण वाढवते. "उपाशी हैत गं पिल्लं," म्हणते. स्वतः मात्र अर्ध्या भाकरीवर उठते. पावसाळ्यात भूक मंदावते तिची.

शुक्र. ५ ऑगस्ट
आज तोल गेला. शाळा सुटल्यावर निपाणीला बाबूशेटच्या आडतीवर गेलो. मका त्याचाच. दहा गिऱ्हाइकं उभी असताना म्हटलं, कुजका माल विकून लोकांची जनावरं मारता.
तो तराजू सोडून उठला. शांत होता, त्यानं जास्त भडकलो. म्हणाला, "मास्तर, हेच पोतं मी माझ्या घरच्या म्हशीला घालतो. चला दाखवतो." मी गेलो नाही. जाताना दुकानाच्या नावाच्या पाटीकडं बोट करून आणखीही काहीबाही बोललो.
बसमध्ये मात्र वाटलं, छान झाडला. आता बेचाळीस मेलीत.

सोम. ८ ऑगस्ट
चिकोडीहून जनावरांचे डॉक्टर आले. तरुण आहेत, बोलणं मराठी, वळण कन्नड. मेलेली एक आणि मरणारी एक, दोन्ही माझ्यासमोर फाडल्या. काळीज, म्हणजे यकृत, सुजून दुप्पट, हळदीत बुडवल्यासारखं पिवळं. बोट लावलं की फुटत होतं.
सगळा दाणा वेगवेगळा बघितला. मका मुठीत घेतला, सोडला. पेंडीचा तुकडा मोडला, उजेडाला धरला. आत हिरवट पांढरे धागे. मी इतके दिवस मोडून पाहिला नव्हता.
"घरात बदकं हैत काय री?"
"होती. दोन."
"कोंबडीच्या आधी गेली?"
मी मान हलवली. ते लिहायचे थांबले. म्हणाले, बदक सगळ्यांत आधी जातं. शेंगदाण्याच्या बुरशीत एक विष तयार होतं. दिसत नाही, शिजवून जात नाही. आधी काळीज धरतं. मग वाढ नाही, लस टोचली तरी लागू पडत नाही, कुठलाही रोग येऊन पाडतो. पडवीतल्या पोत्यात हात घातला आणि विचारलं, "दाणा ओला कुणी केला?"
"माहीत नाही," म्हटलं.
आई लांब, परसाच्या दारात उभी होती; तिथवर ऐकू गेलं नसावं. हातात डहाळा.
"घरी हाच दाणा खाता काय?" म्हटलं, घरात टपोरे वापरतो. तेल? म्हणाले, विष बहुतेक पेंडीतच राहतं, घाण्याच्या तेलात थोडं उतरतं. तेलाचा डबा गेल्याच आठवड्यात संपलाय.
मक्याचा आणि पेंडीचा नमुना बेंगळूरला पाठवणार. तोवर पेंड बंद, पोती जाळायची.
ते गेल्यावर आईनं विचारलं, "काय म्हनला डाक्टर?"
माझ्या छातीसाठी तिनं पाणी मारलं होतं. तोंडातून निघून गेलं, "मक्यात होतं."
"तरीच. मेला तो शेट," ती म्हणाली.

मंगळ. ९ ऑगस्ट
परसात खड्डा केला. पेंड ओतली. काळ्या दाण्यांचं पोतंही. आई शेजारी उभी. "दाणं कशापायी रं? खात्यात की मान्सं."
म्हटलं, मक्याशेजारी होते, लागण झाली असेल. सगळंच जाळायचं.
"जाळ बाबा. शिकलेला हैस."
रॉकेल आणायला आत गेलो. बाहेर आलो तर पोत्याचं तोंड सुटलेलं, थोडे दाणे चिखलात सांडलेले. पाय लागला असेल कुणाचा. ओल्यात पेट घेईना, धूरच फार. मी लांब उभा राहिलो, छातीमुळं.

रवि. १४ ऑगस्ट
उरली एकतीस. पेंड बंद केल्यापासून मेलं एकच. वजन करावंसं वाटलं नाही. ताणकाटा पुसून शाळेत ठेवून आलो.
शालनला खरं सांगितलं. तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आत्याबाईंना सांगा."
"काय सांगू? तुझ्या हातानं एकोणसत्तर मेली म्हणून?"
"काय बी सांगा. पन सांगा."
बाईमाणसाला बोलायला सोपं असतं. आईनं वखारीत फुप्फुसं घालवून मला शिकवलं. त्या वखारीतनं तिच्याजवळ एवढं एकच शहाणपण उरलंय आणि मी तेच तिच्याकडून काढून घेऊ?

गुरु. २५ ऑगस्ट
आई गावभर बाबूशेटचं नाव घेऊन बोटं मोडते. पाणवठ्यावर, दळपाच्या गिरणीत. गावातल्या दोघांनी त्याच्याकडचा मका बंद केला म्हणे. "आमच्या मास्तरानं तोंडावर सांगितलं त्येला," असं सांगते. अभिमानानं.
मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

मंगळ. १३ सप्टेंबर
चिकोडीहून कागद आला. इंग्रजी. मका निर्दोष. पेंडीत ते विष, भरपूर. खाली डॉक्टरांनी हातानं लिहिलंय: शेंगा भिजवून फोडू नयेत, दाणा कडक वाळवावा, पुढच्या सुगीत गावकऱ्यांनाही सांगावं.
कागद पंचांगात घालून ठेवला. बाबूशेटकडं जायला हवं. उद्या नको, बाजार असतो.
सातवीतली ती दोन पोरं. त्यांच्या घरी शेंगा कशा फोडतात कोण जाणे. विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

रवि. २५ सप्टेंबर
आई खातच नाही. चतकोर भाकरी. भाजी, आमटी नको म्हणते, "वास येतोय समद्याला. चटणी बास." शेंगदाण्याच्या चटणीवर वर्ष काढील ती, पहिल्यापासून तशीच. सुमननं तिच्या ताटात हात घातला तर हात धरला तिचा. "ही तिकाट हाय. तुला येगळी देते." नातीला मात्र टपोऱ्या दाण्यांची, वर गूळ.
दुपारी बघावं तेव्हा भिंतीला टेकून. उजव्या कुशीला जड वाटतं म्हणते. पाय सुजलेत. म्हटलं डॉक्टर, तर म्हणाली, "वय झालं आता. डाक्टर काय करतोय?"

रवि. २ ऑक्टोबर
सकाळी अंगणात केस विंचरत होती. ऊन तोंडावर आलं. डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा. तळहात बघितले. तेही.
काही क्षण मला फक्त ती फाडलेली कोंबडी दिसली. आईकडं बघून असं काही डोळ्यांसमोर यावं, याची लाज वाटली.
शालनकडं बघितलं. तिनंही बघितलं होतं. आत जाऊन तिनं फळीवरचे सगळे डबे उघडून बघितले. टपोऱ्या दाण्यांचाच डबा होता. मला सुटल्यासारखं झालं. साधी कावीळ. पावसाळ्याचं पाणी. गावात आणखी दोघांना आहे.

सोम. ३ ऑक्टोबर
निपाणीचे डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे पण मला वेगळी वाटते, लिव्हर हाताला लागतंय, बेळगावला मोठ्या दवाखान्यात न्या. विचारलं, दारू वगैरे? आई एवढी हसली की खोकला लागला.

बुध. ५ ऑक्टोबर
बेळगावहून आताच आलो.

सकाळच्या गाडीनं निघालो. आई खिडकीशी. संकेश्वरला गाडी दहा मिनिटं थांबली. तिनं पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं आणि दोन डब्या. एक माझ्या मांडीवर ठेवली. "ही तुजी."
दुसरी तिनं उघडली. चटणी काळपट. तोच वास, जुन्या कपाटाचा. तो मी कुठंही ओळखीन.
"ही कुठली?"
"काळ्या दाण्यांची."
"ते जाळले ना आपण."
"तू राकेल आनाय गेलतास तवा अर्दी पायली काढून ठिवली. माज्या टरंकेत." मग समजूत घातल्यासारखं, "मका वंगाळ हुता, यशा. दाण्यांचा काय गुना? टाकवंना मला. पोरीला न्हाय दिली हां. शालनला न्हाय, तुला न्हाय. मीच खातोय, मे म्हयन्यापास्नं."
घास मोडलेला होता. मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं असणार, कारण समोरचा माणूस वळून बघायला लागला.
"का रं?"
मग सांगितलं. सगळं. मका चांगला होता. ओल. गोणपाट. ऊब. डॉक्टरांचा कागद. बाबूशेट. गाडी सुटली तरी सांगतच होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. यमकनमर्डी मागं पडलं. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे निळे डाग उठले होते. ते मला दिसत होते आणि ती त्यावर पदर ओढून घेत होती.
बेळगाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "म्हंजी बदकंबी मीच मारली."
"आई, तुला माहीत नव्हतं."
"आन् तुला कवा कळलं?"
"ऑगस्टात."
तिनं बोटांवर मोजलं. ऑगस्ट, सप्टेंबर. तिसरं बोट उघडलं आणि मिटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही. डबीचं झाकण नीट लावलं, फडक्यात गुंडाळली, पिशवीच्या तळाशी ठेवली. उतरल्यावर गटारात टाकली, माझ्यादेखत.

दवाखान्यात रक्त काढून घेतलं. तपासणारे डॉक्टर पोट दाबताना बराच वेळ एकाच जागी दाबत होते. मी तो चिकोडीचा कागद पुढं केला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, आत्ताच काही सांगता येणार नाही, सोमवारी या, पेशंटला घेऊनच या.

परतीच्या गाडीत झोपली असं वाटलं. डोळे मिटूनच बोलली.
"यशा, त्येच्यातलं तुमच्या कुनाच्या पोटात न्हाय न्हवं गेलं? पोरीच्या? म्या लई जपून येगळं ठिवलं हुतं."
"नाही," म्हटलं. "कुणाच्याच नाही."
तिनं मान हलवली. तोंडावर जरा उजेड आला.
तेल मात्र त्याच दाण्यांचं होतं. जूनपासून ऑगस्टपर्यंत सगळ्यांच्याच आमटीत. सुमनच्याही.
ते बोललो नाही.